दोन दुकानांमधील अंतर

पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर साडी घेण्यास निघालेल्या कुटुंबाची दुपार कशी जाते, हें श्रोत्यांस सांगावयास नको. एका दुकानाच्या पायऱ्या उतरल्या कीं दुसऱ्याच्या लागतात. समोर तिसरें दुकान, पलीकडे चौथें. गादीवर बसलेल्या मालकास विचारलें, तर शेजाऱ्यानें आपला धंदा खाल्ला अशी तक्रार तो करील. परंतु जेथें साडीचें एकही दुकान नाहीं अशा एखाद्या पेठेंत बिऱ्हाड हलविण्याची सूचना केली, तर तो हंसून मान फिरवील. मुंबईच्या झवेरी बाजारांत सोनार सोनाराला लागून बसतो आणि अप्पा बळवंत चौकांत पुस्तकविक्या पुस्तकविक्याला. जे एकमेकांचे वैरी म्हणवितात, त्यांनीं अशी दाटी कां करावी? आणि केली, तर भाव कोसळून दोघेही बुडत कां नाहींत? प्रश्न बाळबोध दिसतो. पण त्याची नीट उकल होण्यास पंडितांचीं जवळजवळ दीडशें वर्षें खर्चीं पडलीं. त्या उकलींत एक गोष्ट अशी हातीं आली कीं, तिचा संबंध दुकानदारापेक्षांही घरांतल्या पिशवीशीं अधिक पोंचतो. ती म्हणजे, भाव पडले म्हणजे गिऱ्हाइकानें आनंद कधीं मानावा आणि सावध कधीं व्हावें.

या विचाराची सुरुवात दुकानापासून झाली नाहीं, झऱ्यापासून झाली. इ. स. १८३८ सालीं ऑग्युस्तँ कूर्नो नांवाच्या फ्रेंच गणितज्ञानें संपत्तीच्या शास्त्राला गणिताची जोड देणारा एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत त्यानें औषधी पाण्याच्या दोन झऱ्यांची कल्पना मांडली. दोन्ही झऱ्यांचें पाणी सर्वस्वीं सारखें. मालक मात्र दोन. प्रत्येक मालक दुसऱ्याची विक्री पाहून आपण किती पाणी बाजारांत आणावें हें ठरवितो, आणि अखेर दोघेही एका ठिकाणीं स्थिरावतात, असें त्यानें दाखविलें. ग्रंथाकडे कित्येक वर्षें कोणी ढुंकूनही पाहिलें नाहीं. पुढें १८८३ सालीं जोसेफ बर्त्राँ या दुसऱ्या फ्रेंच गणितज्ञानें त्याचें परीक्षण लिहिलें आणि एक साधी शंका काढली. पाणी जर हुबेहूब सारखें, तर एका मालकानें भाव पैशानें उतरवितांच सारीं गिऱ्हाइकें त्याच्याकडे वळतील. मग दुसरा दोन पैशांनीं उतरवील. ही उतरंड नफा नाहींसा होईपर्यंत थांबावी कशी? म्हणजे केवळ दोनच विक्रेते असले तरी पुरे. माल एकसारखा असला कीं त्यांना नफा उरत नाहीं.

शंका बिनतोड होती, पण बाजाराशीं तिचा मेळ बसेना. कोणत्याही गांवीं दोन वाणी असतात आणि दोघांचेही संसार चालतात. एकानें साखर चार आण्यांनीं महाग केली म्हणून त्याचें दुकान त्या दिवशीं ओस पडत नाहीं. थोडीं माणसें जातात, बरींचशीं राहतात. कां राहतात?

याचें उत्तर १९२९ सालीं हॅरोल्ड हॉटेलिंग या अमेरिकन गृहस्थानें दिलें. हॉटेलिंग हा मुख्यतः संख्याशास्त्रज्ञ. अर्थशास्त्रांत त्याचे लेख थोडे, पण जे आहेत ते टिकले. इंग्लंडच्या 'इकॉनॉमिक जर्नल' या नियतकालिकांत प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निबंधाचा मुद्दा असा: गिऱ्हाईक भावालाच चिकटून नसतें, तें जागेलाही चिकटून असतें. कोणाचें घर या दुकानाजवळ, तर कोणाचें त्या दुकानाजवळ. कोणाला एका दुकानदाराची रीत आवडते, कोणाचा तो नातेवाईक असतो, कोणाच्या पंथाचा असतो. म्हणून भाव चढला कीं गिऱ्हाइकें धबधब्यासारखीं कोसळत नाहींत, ओहोळासारखीं झिरपतात. हें झिरपणें गणितांत बसवावें कसें, याकरितां त्यानें एक सरळ रस्ता घेतला. त्याचेच आंकडे घेऊन, फक्त वेश मराठी घालून, तो हिशेब ऐकण्यासारखा आहे. कागद-पेन्सील जवळ नसली तरी चालेल.

पूर्व-पश्चिम असा ३५ फर्लांग लांबीचा एक रस्ता श्रोत्यांनीं डोळ्यांपुढें आणावा. दर फर्लांगांत एक घर. प्रत्येक घराला महिन्यास एक पोतें तांदूळ लागतो. स्वस्त असो वा महाग, तेवढाच. पोतें वाहून नेण्यास फर्लांगामागें एक रुपया हमाली पडते आणि ती गिऱ्हाइकाच्या शिरावर. रस्त्यावर वाणी दोन. पहिल्याचें दुकान पश्चिम टोंकापासून ४ फर्लांगांवर, दुसऱ्याचें पूर्व टोंकापासून अवघ्या १ फर्लांगावर. दोघांमध्यें अंतर ३० फर्लांगांचें. तांदूळ दोघांचा एकाच गिरणींतला आणि एकाच किंमतीनें आणलेला, तेव्हां खरेदीवर जो नफा चढवावयाचा त्यालाच हिशेबापुरता भाव समजावें.

हॉटेलिंगचें गणित सांगतें कीं, पश्चिमेचा वाणी पोत्यामागें ३६ रुपये घेईल आणि पूर्वेचा ३४. पश्चिम टोंकापासून १८ फर्लांगांवर जो उभा असेल, त्याला पश्चिमेच्या दुकानीं ३६ अधिक हमालीचे १४ असे ५० रुपये पडतात, आणि पूर्वेच्या दुकानीं ३४ अधिक १६ असे ५०च पडतात. तेथें दोन्ही राज्यांची सीमा. पश्चिमेकडे १८ घरें आणि ६४८ रुपये नफा. पूर्वेकडे १७ घरें आणि ५७८ रुपये. पश्चिमेच्या वाण्याची जागा मध्याच्या किंचित अधिक जवळ, तेवढ्यावर तो दोन रुपये अधिक घेतो आणि वर एक घरही अधिक राखतो.

आतां त्यानें भाव ३८ केला, तर एक घर सुटून १७ उरतील आणि नफा ६४६ होईल. ३४ वर उतरला, तर १९ घरें मिळतील आणि नफा पुन्हा ६४६च. दोन्हीकडे तोटा, म्हणून तो आहे तेथेंच बरा. बर्त्राँनें सांगितलेला डाव त्यानें खेळून पाहिला, म्हणजे पूर्वेचें सर्वच गिऱ्हाईक ओढावयाचें ठरविलें, तर ३० फर्लांगांची हमाली भरून काढण्याकरितां त्याला ४ रुपयांच्याही खालीं जावें लागेल. ३ रुपयांनीं ३५ पोतीं विकलीं कीं हातीं १०५ रुपये! ६४८ सोडून १०५ घेणारा वाणी अजून जन्मावयाचा आहे. भावयुद्ध पेटत नाहीं तें वाण्यांच्या सज्जनपणामुळें नव्हे. मध्यें ३० फर्लांगांची भिंत आहे म्हणून.

येथपर्यंत हॉटेलिंग बिनचूक होता. पुढचें पाऊल त्याचें चुकलें, आणि मौज ही कीं निबंधाची सारी प्रसिद्धि त्या पावलावर उभी आहे. त्यानें म्हटलें, पश्चिमेच्या वाण्याला दुकान हलवितां आलें तर तो पूर्वेकडे सरकेल. आहे त्या जागेहून ३ फर्लांग सरकला तरी हिशेबानें त्याचा नफा ६४८ वरून ६८४ रुपये ५० पैशांवर जातो. पूर्वेच्यालाही तोच मोह. असे दोघे सरकत सरकत रस्त्याच्या मध्यावर एकमेकांस खेटून बसतील. हीच ओढ त्याला सर्वत्र दिसली. एकाच गोडीचें सफरचंदाचें पेय करणारे कारखानदार, एकमेकांसारखे बोलणारे अमेरिकेंतील दोन राजकीय पक्ष, थोड्याफार फरकानें एकच उपदेश करणारे तेथील ख्रिस्ती पंथ, हे सर्व त्या रस्त्याच्या मध्यावरचे दुकानदारच, असें त्याचें म्हणणें. वाचणाऱ्याला तें इतकें पटलें कीं पन्नास वर्षें हा सिद्धांत शाळा-कॉलेजांतून जसाच्या तसा शिकविला गेला. आजही कोणी समुद्रकांठच्या दोन आइस्क्रीमवाल्यांची गोष्ट सांगूं लागला, तर ती याच निबंधाच्या पोटांतली समजावी.

१९७९ सालीं दास्प्रमाँ, गाबझेविच आणि तीस या तिघा अर्थशास्त्रज्ञांनीं हा हिशेब पुन्हा मांडला. दोघे वाणी सरकत जवळ आले आणि त्यांच्यांत ५च फर्लांग उरले असें समजावें; एक पश्चिमेपासून १५ फर्लांगांवर, दुसरा पूर्वेपासून तितक्याच. जुन्या रीतीनें दोघांचाही भाव ३५ यावयाचा, मधलें एक घर निम्मेंनिम्मे वांटून घ्यावयाचें आणि प्रत्येकानें ६१२ रुपये ५० पैसे कमवावयाचे. पण आतां मधली भिंत ५ रुपयांचीच आहे. पश्चिमेच्यानें भाव एकदम २९ केला, तर पूर्वेच्या दाराशीं राहणारालाही हमालीसकट ३४ च पडतात. आपल्या उंबऱ्यावरच्या दुकानांत ३५ मोजण्यापेक्षां तो पांच फर्लांग चालेल. सारीं ३५ घरें एकाकडे आलीं आणि नफा १,०१५ रुपये झाला. दुसरा काय हात बांधून बसणार? तो उतरतो, मग हा उतरतो. भाव फार खालीं गेले म्हणजे एखादा कंटाळून पुन्हा वर चढतो आणि रहाटगाडगें नव्यानें फिरूं लागतें. एजवर्थ या अर्थशास्त्रज्ञानें कूर्नोच्या झऱ्यांविषयीं १८९७ सालींच असें कांहीं सांगून ठेविलें होतें: झऱ्यांना रोजचें पाणी मोजकें असेल, तर भाव कोठेंच ठरणार नाहीं, तो हेलकावे खाईल.

म्हणजे मध्यावर खेटून बसण्याचा जो शेवट हॉटेलिंगनें सांगितला, तेथें पोंचण्यापूर्वींच शांति मोडते. दोघे आपापल्या टोंकापासून सारख्याच अंतरावर असले, तर या ३५ फर्लांगांच्या रस्त्यावर पावणेनऊ फर्लांग आंत सरकेपर्यंत भाव टिकतात, त्यापुढें नाहींत. योगायोग असा कीं, लोकांच्या सोयीचीही तीच जागा. दुकानें चौथाई आणि पाऊण अंतरावर असलीं, तर सरासरीनें प्रत्येकास साडेचार फर्लांगांहूनही कमी चालावें लागतें. दोन्ही मध्यावर असलीं तर पावणेनऊ. आणि दोन्ही दोन टोंकांस गेलीं तरी पावणेनऊच. या तिघांनीं आणखी एक गोष्ट दाखविली. ओझें वाहणाऱ्याला पहिल्या फर्लांगापेक्षां पांचवा फर्लांग जड जातो. हमाली अशी वाढत्या प्रमाणांत, अंतराच्या वर्गाप्रमाणें धरली, तर दोघे दुकानदार मध्याकडे ओढले न जातां उलट दोन टोंकांस पळतात. शेजार जितका दूरचा तितका भाव चढा, हें त्यांना उमगतें. गिऱ्हाइकाची पायपीट मात्र जशी होती तशीच राहते.

मग लक्ष्मी रस्त्यावरचे दुकानदार वेडे म्हणावयाचे काय? तसें नाहीं. येथें 'अंतर' या शब्दाचा अर्थ थोडा रुंद करावा लागतो. रस्ता फर्लांगांचाच असावा असें नाहीं. तो गोडीचा, रंगाचा, पोताचा, सवयीचाही असूं शकतो. एका वस्तूऐवजीं दुसरी कितपत चालते, याला अर्थशास्त्रांत पर्यायता म्हणतात. एका गिरणीच्या साखरेऐवजीं दुसऱ्या गिरणीची साखर पूर्णपणें चालते. त्या दोहोंत अंतर शून्य. चहाऐवजीं कॉफी कोणाला चालते, कोणाला डोकें दुखेपर्यंत चालत नाहीं. तेथें अंतर आहे, पण ओलांडतां येण्याजोगें. साडीचें तर विचारूंच नये. एकाच भावाच्या, एकाच सुताच्या दोन साड्यांपैकीं जी मनांत भरली तिच्याऐवजीं दुसरी चालत नाहीं, हें प्रत्येक गृहस्थाला पदरचे पैसे मोजून कळलेलें असतें. दुकानांच्या भिंती एकमेकींस लागलेल्या, पण मालांत पुष्कळ फर्लांगांचें अंतर. त्या अंतरावर दुकानदाराचा भाव तगतो, आणि निवडीला वाव आहे म्हणून लांबलांबचें गिऱ्हाईक त्या एकाच रस्त्यावर येतें.

अप्पा बळवंत चौकांतली गोष्ट निराळी. शाळेचें पाठ्यपुस्तक कोणत्याही दुकानांतून घेतलें तरी अक्षर न् अक्षर तेंच, आणि किंमतही वर छापलेली. तेथें मालांत अंतर नाहींच. म्हणून दुकानदार दुसरीकडे अंतर निर्माण करतो. इयत्तेचा संपूर्ण संच बांधून तयार ठेवितो, वह्या जोडीस देतो, थोडी सूट देतो. पालकाला वाटतें ही मेहेरबानी. वस्तुतः ती बर्त्राँच्या झऱ्यांतून बाहेर पडण्याची धडपड आहे.

जेथें जागेचें अंतर नाहीं आणि मालाचेंही नाहीं, तेथें काय होतें याचीं ठळक उदाहरणें या देशाच्या समुद्रावर घडलीं. दोन आगबोटी एकाच बंदरांतून निघतात आणि एकाच बंदरास लागतात. सुताच्या गासडीला आपणांस कोणी वाहून नेलें याचा पत्ता नसतो. १८९३ सालीं मुंबईच्या गिरण्यांचें सूत चीन-जपानकडे जात असे तें मुख्यतः पी. अँड ओ. ही इंग्लिश कंपनी आणि तिच्याशीं संगनमत असलेल्या दुसऱ्या दोन युरोपीय कंपन्या यांच्या जहाजांतून. भाडें जबर होतें. जमशेटजी टाटा जपानला गेले, निप्पॉन युसेन कैशा या जपानी कंपनीशीं त्यांनीं करार केला आणि भाड्याच्या जहाजांवर 'टाटा लाइन' सुरू केली. त्यांचा दर टनामागें १२ रुपये. पी. अँड ओ.नें आपला दर उतरविला आणि तो उतरवीत टनामागें दीड रुपयावर आणून ठेविला. दीड रुपयांत कोळशाचा तरी खर्च निघत असेल काय? जोडीला, टाटांच्या एका बोटींतून कापूस नेणें धोक्याचें आहे अशी आवईही उठविण्यांत आली. हें विशेष लक्षांत घ्यावें. भावानें तर मारावयाचेंच, पण मालांत नसलेलें अंतरही अफवेनें पाडावयाचें, आणि तें आपल्या सोयीच्या बाजूनें.

मुंबईच्या व्यापाऱ्यांनीं काय केलें? टाटांचें साहस त्यांच्याच हिताचें होतें आणि तें त्यांना कळतही होतें. पण आजचा दीड रुपया समोर दिसत होता. एकेक जण टाटांना सोडून गेला. टाटा लाइन बंद पडली आणि भाडें पुन्हा चढलें. हिशेबाच्या दृष्टीनें प्रत्येक व्यापारी शहाणा होता. सर्वांच्या शहाणपणाची बेरीज मात्र तशी निघाली. यांत त्यांना दोष द्यावा कीं नाहीं याचा निर्णय सोपा नाहीं. गासडीमागें कांहीं रुपये सोडून देणारा व्यापारी त्याच सुताचा भाव बाजारांत चढा ठेवूं शकत नव्हता, कारण त्याच्या शेजाऱ्याचें सूत स्वस्त जहाजानें गेलेलें. चढाओढ एका मजल्यावर पेटली म्हणजे ती वरच्या मजल्यालाही लागते.

पुढें १९१९ सालीं सिंदिया कंपनी निघाली. नरोत्तम मोरारजी आणि सोलापुरांत जन्मलेले वालचंद हिराचंद हे तिच्या प्रमुखांपैकीं. ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांची आगबोट विकत घेऊन तिचें नांव 'लॉयल्टी' ठेवण्यांत आलें आणि ५ एप्रिल १९१९ रोजीं ती मुंबईहून इंग्लंडकडे निघाली. हाच दिवस आतां देशांत नौकानयन दिन म्हणून पाळला जातो. या कंपनीसही दरयुद्धाला तोंड द्यावें लागलें. ती बुडाली नाहीं. पण १९२३ सालीं ब्रिटिश इंडिया कंपनीशीं तिला करार करावा लागला आणि व्यापाराच्या क्षेत्रावर व जहाजांच्या संख्येवर बंधनें पत्करावीं लागलीं. अशा वैराचे शेवट बहुधा दोनच होतात: एक मरतो, किंवा दोघे समेट करतात. गिऱ्हाइकानें युद्धांत जें मिळविलें तें तहांत परत जातें. म्हणून भाव पडला असतां त्याचें कारण पाहावें. माल काढण्याचा खर्च कमी झाल्यानें पडलेला भाव हें गिऱ्हाइकाचें उत्पन्न. शेजाऱ्यास मारण्याकरितां पाडलेला भाव हें त्याला दिलेलें कर्ज.

याच्या उलट प्रकारही आहे. अंतर खरें असतें, पण डोळ्यांना दिसत नाहीं. वैशाखांत बाजारांत हापूस म्हणून जें विकलें जातें तें सारें कोंकणांतलें नसतें. देवगड-रत्नागिरीच्या कातळावरचा आंबा आणि कर्नाटकांतून आलेला तशाच वळणाचा आंबा यांत जाणत्याला फरक कळतो. पेटी उघडून वर वर पाहणाऱ्याला कळत नाहीं. ज्याला कळत नाहीं त्याच्या दृष्टीनें एकाऐवजीं दुसरा चालतो, मग भाव खालच्याच्या बरोबरीला ओढला जातो आणि कोंकणांतल्या बागाईतदाराचा वर्षाचा घाम वाया जातो. २०१८ सालीं रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणें आणि पालघर या जिल्ह्यांतील हापूसला भौगोलिक निर्देशांकाची नोंद मिळाली. ही नोंद म्हणजे मालांत भर नव्हे; असलेल्या अंतरावर रोवलेला मैलाचा दगड आहे. पेटीवरची खूण वाचून घेण्याची तसदी गिऱ्हाइकानें घेतली नाहीं, तर तो दगड तेथें असून नसल्यासारखाच. अर्थात् उलट्या बाजूनें पाहिलें, तर नुसती खूण मोठी करून आंत साधाच माल देणारेही थोडे नाहींत. साबण, मीठ, दंतमंजन यांच्या जाहिरातींचा बराचसा खर्च, जेथें अंतर नाहीं तेथें तें रंगवून दाखविण्यांत जातो आणि तो किंमतींत धरलेला असतो.

अलीकडे घरबसल्या मोबाईलवर दहा दुकानांचे भाव एका पानावर दिसतात आणि माल दारीं येतो. रस्त्याचे फर्लांग त्यामुळें जवळजवळ पुसले गेले. कोपऱ्यावरच्या वाण्याला जी भिंत पिढ्यान् पिढ्या राखीत होती ती पडली. आतां त्याच्यापाशीं उरलें तें एवढेंच: वही उघडून उधार लिहिणें, घरांत आजारी माणूस आहे म्हणून रात्रीं फळी उघडून साबूदाणा देणें. हेंही अंतरच, पण तें भावाच्या पानावर छापतां येत नाहीं.

अशा न छापतां येणाऱ्या अंतराची सर्वांत मोठी परीक्षा तुतिकोरीनच्या बंदरांत झाली. १९०६ सालीं व. उ. चिदंबरम् पिळ्ळै या वकिलांनीं तेथें स्वदेशी स्टीम नॅव्हिगेशन कंपनी स्थापन केली. कंपनीचें भांडवल दहा लाख रुपये आणि शेअर २५ रुपयांचा, म्हणजे मध्यम स्थितीच्या माणसालाही एखादा घेतां यावा असा. तुतिकोरीन ते कोलंबो हा मार्ग तोंवर ब्रिटिश इंडिया कंपनीच्या हातीं होता. बंदरें तींच, समुद्र तोच. उतारूला चढावयाचें येथें आणि उतरावयाचें तेथें. कूर्नोचे दोन झरेसुद्धां इतके सारखे नसतील. इंग्रज कंपनीनें भाडें एक रुपयावर आणलें, तेव्हां स्वदेशी कंपनीनें आठ आणे केलें. त्यावर इंग्रज कंपनीनें फुकट नेण्याची तयारी दाखविली, आणि वर प्रत्येक उतारूला एक छत्री, अशी हकिकत तिकडे सांगितली जाते.

बर्त्राँच्या तर्काप्रमाणें स्वदेशी बोट त्याच दिवशीं रिकामी व्हावयास पाहिजे होती. पण छत्री नाकारून आठ आणे मोजणारे उतारू निघाले. फुकटच्या बोटीऐवजीं पैशाची बोट ज्याला चालते, किंबहुना पैशाचीच चालते, त्याच्या मनांत त्या दोन बोटींमध्यें कांहीं फर्लांगांचें अंतर होतें. आणि तें ना जहाजांत होतें, ना मार्गांत. मुंबईच्या गासड्यांना जें अंतर नव्हतें, तें तुतिकोरीनच्या माणसांना होतें. हॉटेलिंगनें नातें, पंथ, ओळख हीं गिऱ्हाईक राखण्याचीं कारणें म्हणून जीं नोंदविलीं, त्यांत हें एक आणखी मोठें कारण बसविण्यास हरकत नाहीं.

तें अंतर किती दिवस पुरलें असतें, हें मात्र नुसत्या हिशेबानें सांगतां येत नाहीं, कारण पुढची लढाई बाजारांत झाली नाहीं. १९०८ सालीं चिदंबरम् पिळ्ळै यांना राजद्रोहाच्या आरोपावरून पकडण्यांत आलें आणि जबर शिक्षा झाली. लोकमान्यांना मंडालेची शिक्षा झाली तेंच वर्ष. मालक तुरुंगांत, प्रतिस्पर्ध्याची थैली अथांग, आणि आठ आण्यांत बोट चालत नाहीं. १९११ सालीं कंपनी मोडीत निघाली. तुतिकोरीनचें बंदर २०११ सालापासून चिदंबरम् यांच्या नांवानें ओळखलें जातें.